चुलीमागचा आडोसा

घरात गॅस आला तरी अंगणातली चूल गेली नाही. आपल्या वस्त्यांतून फेरफटका मारला तर हे कोणाच्याही लक्षात येईल. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत, नाशिकरोडला, तिकडे सिन्नरच्या विडी कामगार भगिनींच्या दारापुढे आजही मातीची नाहीतर तीन विटांची चूल दिसते. पहाटे तिच्यावर अंघोळीचे पाणी तापते आणि संध्याकाळी बाजरीच्या भाकरी होतात. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. तिची ८ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला देण्यात आली. गरिबाच्या घरात शेगडी आली ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु १४.२ किलोचा सिलिंडर जास्तीत जास्त दिवस पुरवायचा तर पाणी तापविण्यासारखी जळण खाणारी कामे बाहेरच ढकलावी लागतात. त्यात आपल्याकडचा गारठा. निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात आपण वाचतोच. अशा दिवसांत ज्या घरात तान्हे लेकरू आणि म्हातारे माणूस आहे, तिथे गरम पाणी ही चैन नसते.

चुलीवर काय शिजते याची चर्चा सगळे करतात. चुलीच्या मागे काय आहे, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. आम्ही नवरा-बायको मागच्या वर्षापासून जाऊ तिथे तेच पाहत असतो. कोणाच्या चुलीमागे प्लायवूडचा तुकडा असतो, कोणाच्या मागे गोणपाट, कोणाच्या मागे जुने लुगडे. सर्वांत जास्त दिसतो तो फ्लेक्स. निवडणूक झाली, कोणाचा वाढदिवस झाला की चौकातला फलक उतरतो आणि वारा अडवायला एखाद्या चुलीमागे बांधला जातो. वारा अडतो हे खरे. परंतु फ्लेक्सवर पीव्हीसी या प्लॅस्टिकचा थर असतो. तो तापला की मऊ होऊन लोंबतो, आणि पेटला तर डोळ्यांना व नाकाला झोंबणारा, छातीत जाणारा आम्लाचा धूर सोडतो. ज्या वस्तूने घर राखायचे, तीच सगळ्यांत आधी पेटणारी असते.

आम्हाला हा विषय सुचला तो आमच्या मागच्या खोलीतल्या मावशींमुळे. आमची चूल आईंच्या हातची आहे, आमच्या लग्नाच्या आधीची. तेव्हा तिच्या मागे मोकळी जागा होती. पुढे मावशींच्या घरात माणसे वाढली, त्यांनी आपली खोली वाढविली आणि त्यांच्या खोलीची पत्र्याची भिंत आमच्या चुलीपासून हातभर अंतरावर आली. यात कोणाचेच चुकले नाही. वस्तीत जागा अशीच भरत जाते.

एका रविवारी संध्याकाळी भाकरी होत आल्या असताना मावशी आल्या. “जयभीम. दोघंही जरा आमच्या घरात चला,” एवढेच म्हणाल्या. आत गेलो तर त्याच भिंतीला लागून त्यांच्या नातीचे टेबल. त्यावर दहावीची पुस्तके, वह्या, कंपासपेटी. पत्र्याला आतून लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर पुठ्ठा लावलेला. मावशींनी पुठ्ठा एका कोपऱ्यातून उचलला आणि पत्र्याला हात लावून पाहायला सांगितले. पोळावे इतका तो तापला नव्हता, पण त्यावर हात ठेवून राहवेना. लाकडाची पट्टी एका बाजूने तपकिरी पडली होती. मावशी म्हणाल्या, “भांडायला नाही आणलं तुम्हाला. पोरीचं टेबल हलवायचं तर दुसरीकडं जागा नाही. तुमची चूल हलवा म्हणावं, तर आक्काचा सगळा जीव त्या चुलीत. तुम्हीच काय ते सुचवा.”

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. सुके लाकूड साधारणपणे २५० ते ३०० अंशांच्या पुढे पेट घेते. चुलीमागच्या भिंतीपर्यंत तेवढी उष्णता एरवी पोहोचत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु रोजच्या रोज तापून जे लाकूड काळे पडत जाते, ते त्याहून बऱ्याच कमी उष्णतेतही धुमसू लागते. तपकिरी पडलेली पट्टी हा त्याचा पहिला इशारा असतो. पट्टीच्या पलीकडे पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या पलीकडे पुस्तके, आणि पुस्तकांपुढे मान खाली घालून बसलेली पोर.

दुसऱ्या दिवशी चौकशीला लागलो. एका दुकानदाराने सिमेंटचा जुना पत्रा दाखविला. “हा जळत नाही,” म्हणाला. जळत नाही हे खरे आहे. पण अशा पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू असतात. जाळाजवळ तो तडकतो, कधी फुटून त्याचे तुकडे उडतात. कापला किंवा फोडला की तंतू हवेत मिसळतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून पुढे दम्यासारखी धाप लागण्यापासून कर्करोगापर्यंतचे आजार होतात, तेही कित्येक वर्षांनी, कारण विसरून गेल्यावर. आम्ही तो घेतला नाही.

मग शाहबादी फरशीचा विचार आला. फरशी उभी करावी, पुसायलाही बरी. परंतु शाहबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड. सारखा जाळ लागला की त्यांचे पापुद्रे सुटतात. गोदावरीच्या पात्रातले गोल गोटे चुलीला लावण्याची काहींना सवय असते. त्यातही जपावे. दगडात पाणी मुरलेले असेल तर त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर दगड फुटतो. सिमेंटचा गिलावासुद्धा सततच्या जाळापुढे टिकत नाही. त्याला तडे जातात आणि तो पोकळ होऊन गळतो. चुलीपुढे खरी टिकते ती भट्टीत भाजलेली वीट, कारण ती जन्मालाच जाळातून आलेली असते. पण मध्ये हातभरच जागा. तिथे विटांची भिंत उचलली तर चुलीपुढे बसायला जागा उरत नव्हती.

शेवटी उत्तर कामाच्या ठिकाणचे निघाले. आम्हा दोघांपैकी एकाची निम्मी हयात अंबडच्या कारखान्यात भट्टीच्या खात्यात गेली आहे. तिथे कामगाराला धग लागू नये म्हणून पत्रा उभा करतात. तो कधीही भिंतीला चिकटवून ठोकत नाहीत. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये पोकळी सोडतात, खाली आणि वर ती उघडी ठेवतात. ही साधी गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते, पण घरी आल्यावर आपल्या चुलीशी तिचा संबंध आपण जोडत नाही.

यातले मर्म नीट समजून घ्यावे, म्हणजे बाकीचे काम आपोआप जमते. पत्रा उष्णता अडवत नाही. लोखंड ती पटकन घेते आणि मागे जे टेकलेले असेल त्याला देऊन टाकते. म्हणून लाकडी भिंतीवर थेट ठोकलेला पत्रा ठिणगीपासून वाचवील, पण धगीपासून वाचविणार नाही. उलट मागचे लाकूड आतल्या आत काळे पडेल आणि ते आपल्याला दिसणारही नाही. मध्ये चार बोटे मोकळी जागा असली की गोष्ट बदलते. पत्रा तापतो, त्याच्या मागची हवा तापते, तापलेली हवा हलकी होऊन वर निघून जाते आणि खालून थंड हवा तिच्या जागी येते. जाळ चालू असेपर्यंत हा प्रवाह आपोआप चालू राहतो. त्याला ना वीज लागते, ना पैसा. भाकरी तव्याला टेकली तर भाजते, चार बोटे वर धरली तर नुसती कोमट होते. हे आपल्या प्रत्येक भगिनीला ठाऊक आहे. आडोशाचे सगळे शास्त्र तेवढेच आहे.

आता आम्ही केले ते सांगतो. किराणा दुकानात तेलाचे १५ किलोचे चौकोनी डबे रिकामे मिळतात. असे तीन डबे घेतले. आधी ते राख आणि धुण्याच्या सोड्याने, गरम पाण्यात दोनदा धुतले, कारण आत राहिलेले तेल तापल्यावर पेटते. मग वरचे आणि खालचे झाकण कापून, जोडाच्या रेषेवर उभा छेद देऊन डबा उघडला आणि सपाट जमिनीवर ठोकून सरळ केला. एका डब्यातून सुमारे तीन फूट लांब आणि सव्वा फुटाच्या आत रुंद असा पत्रा निघतो. तीन पत्रे एकावर एक, दोन-दोन बोटे एकमेकांवर चढवून लावले की तीन फूट लांब आणि तीन फूट उंच आडोसा होतो. आपल्या घरच्या चुलीला एवढा पुरतो.

पत्रा कापताना हातात जाड मोजे किंवा गोणपाट असावे. ताज्या कापलेल्या कडा विळ्यासारख्या असतात. प्रत्येक कड अर्धा इंच दुमडून हातोडीने बसविली. असे केल्याने लहान मुलांचे हात कापत नाहीत आणि पत्र्याला ताठपणाही येतो. डब्यावरची रंगीत छपाई आम्ही मोकळ्या मैदानात, वाऱ्याच्या उलट बाजूला उभे राहून, काटक्यांच्या जाळावर आधीच जाळून टाकली. नाहीतर तो रंग पुढे स्वयंपाक चालू असताना जळतो आणि त्याची घाण भाकरीत उतरते.

उभे करायला दोन लोखंडी अँगल लागले. आपला जिल्हा द्राक्षांचा. बागा मोडल्या, मांडव बदलले की जुने अँगल भंगारात किलोवर मिळतात. गंज खरवडून ते दीड-दीड फूट जमिनीत पुरले, भोवती दगड-मुरूम ठासला. मावशींच्या भिंतीपासून पत्र्यापर्यंत चार बोटे अंतर राहील असे मोजले. भोके कुठे पाडायची याची आखणी नातीने केली. ती आपली पट्टी आणि गुण्या घेऊन बाहेर आली आणि आमच्या अंदाजपंचे खुणा पुसून तिने सगळ्या खुणा एका रेषेत पाडून दिल्या. खिळ्याने भोके पाडून बाइंडिंगच्या तारेने पत्रे अँगलला बांधले. सुतळी, नायलॉनची दोरी किंवा लाकडाची पाचर यांचा इथे उपयोग नाही. पत्रे कौलासारखे लावावेत, वरचा पत्रा खालच्याच्या बाहेरून यावा, म्हणजे पावसाचे पाणी सांध्यात न शिरता ओघळून जाते.

खालची कड जमिनीपासून तीन बोटे वर ठेवली. हवेला आत यायला वाट तिथूनच मिळते. ही फट कचऱ्याने, राखेने, जळणाच्या काटक्यांनी बुजू देऊ नये. निखारा त्या फटीतून घरंगळून मागे जाऊ नये म्हणून पुढे विटांची एक आडवी ओळ मांडली, दोन विटांमध्ये बोटभर जागा सोडून. पत्र्याच्या मागच्या पोकळीत काहीही ठेवायचे नाही, हा घरातला नियमच करावा. जागा कमी असल्यामुळे फडा, पोते, सुकायचे फडके तिथे खोचण्याचा मोह होतो. पोकळी भरली की आडोसा असून नसल्यासारखा.

ज्यांना नवा कोरा पत्रा परवडतो त्यांनाही एक सांगणे आहे. बाजारातल्या गॅल्वनाइज पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४१९ अंशांना वितळते. जाळाची जीभ थेट पत्र्याला लागत राहिली तर त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो श्वासात गेला की थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंगचे काम करणाऱ्या बांधवांना हा ताप माहीत आहे. म्हणून पत्रा कोणताही असो, जाळ त्याला टेकता कामा नये. त्यासाठी चुलीची स्वतःची पाठ उंच हवी.

ही पाठ आईंनी घातली. त्यांचे म्हणणे असे की नुसत्या काळ्या मातीची चूल आपल्याकडे टिकत नाही. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात आपण ते पाहतोच. एक घमेले चिकट माती, दोन-अडीच घमेली चाळलेली वाळू, त्यात बारीक भुसा घालून त्यांनी गारा रात्रभर मुरविला. सकाळी लिंबाएवढा गोळा करून उन्हात ठेवला. भेग पडली तर वाळू कमी, हाताने चुरला गेला तर माती कमी. दोन गोळ्यांनंतर तिसरा जमला. चुलीची मागची बाजू त्यांनी वीतभर उंच आणि चार बोटे जाड उचलली, सावलीत आठ दिवस वाळू दिली, मग शेण आणि राख कालवून सारविली.

आईंचा हा हिशेब किती पक्का आहे, हे आम्हाला नंतर वाचनात आले. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात फेब्रुवारी १९७६ मध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतरच्या काळात तिथल्या गरीब कुटुंबांसाठी माती आणि वाळू यांची एक चूल तयार झाली. तिचे नाव ‘लोरेना’. तिथल्या भाषेत लोदो म्हणजे चिखल आणि अरेना म्हणजे वाळू. त्या दोन शब्दांतूनच हे नाव झाले. त्या चुलीतही वाळू जास्त आणि माती कमी, कारण तेच, भेगा पडू नयेत. सातासमुद्रापलीकडची माणसे आणि आमच्या आई एकाच उत्तरावर पोहोचल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांच्या हातात किती विद्या असते आणि तिची नोंद कोणी घेत नाही, याचे वाईटही वाटले.

सगळे झाल्यावर त्याच वेळी, तेवढ्याच भाकरी करून, आम्ही पुन्हा मावशींच्या घरात गेलो. पत्र्याला हात लावला. कोमट होता, पण हात आरामात ठेवता येत होता. तपकिरी पट्टी काढून तिथे नवी बसविली. आईंची चूल आणि नातीचे टेबल, दोन्ही आपापल्या जागी राहिले. आता महिन्यातून एकदा मावशी पुठ्ठा उचलून पट्टी पाहतात, आणि आम्ही मागची फट झाडून काढतो. हे पाहणे दोन्ही घरांचे आहे, कारण भिंतही दोन्ही घरांची आहे.

मात्र या आडोशाकडून भलत्या अपेक्षा करू नयेत. तो धग आणि ठिणगी अडवतो, धूर अडवत नाही. घरातल्या चुलीच्या आणि तशा जळणाच्या धुरामुळे जगभरात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात ५ वर्षांखालची २ लाखांहून अधिक बालके होती. तेव्हा चूल उघड्यावरच असावी, तिला तिन्ही बाजूंनी कोंडू नये, आणि जे अन्न गॅसवर होण्यासारखे आहे ते गॅसवरच करावे. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या जळणाला स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर औषधाच्या फवारण्या झालेल्या असतात. त्यांच्या धुरात लेकरांना बसवू नये आणि त्यांवर भाकरीही भाजू नये. सिलिंडर, रॉकेलचा डबा, सुकत घातलेले कपडे चुलीपासून दूर ठेवावेत. बादलीभर पाणी आणि घमेलेभर वाळू हाताशी असावी.

एवढे करूनही कोणी भाजले तर भाजलेल्या भागावर साधे थंड वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतले काहीही लावू नये. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी काढावी. कापड कातडीला चिकटले असेल तर ओढू नये. जखम मोठी असेल, चेहऱ्यावर असेल किंवा लेकरू भाजले असेल तर वेळ न दवडता १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा विनामूल्य आहे.

चौदा एप्रिल आणि बुद्धपौर्णिमेला आपल्या वस्त्यांत मोठी चूल पेटते. खिरीचे पातेले चढते, मंडपाचे कापड वर असते, पोरे भोवती धावत असतात. घरच्या चुलीचे चार बोटांचे गणित तिथे पुरत नाही. मोठा जाळ मंडपाच्या कापडाबाहेर, भिंतीपासून कमीत कमी दहा पावले दूर असावा. वाऱ्याकडच्या बाजूला विटांचा आडोसा रचावा आणि एक जबाबदार माणूस फक्त जाळाकडे लक्ष देण्यासाठी नेमावा. हे काम मंडळाच्या तरुणांनी अंगावर घ्यावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

आमच्या ओळीत आता आणखी दोन घरांनी असा आडोसा उभा केला आहे. पत्रा कापायची कात्री एकच आहे, ती फिरत असते. तेलाच्या डब्याचा पत्रा पातळ असतो, पावसात गंजतो. म्हणून जूनमध्ये चूल पडवीत गेली की आम्ही तारा सोडून पत्रे पुसतो, तेलाचा हात फिरवून घरात ठेवतो, आणि दसऱ्याच्या सुमारास साबणाने धुऊन पुन्हा बांधतो. ज्याला भोक पडले असेल तो बदलतो. वर्षाला एखादा डबा लागतो, एवढाच खर्च. ज्या घरात पत्र्याचे काम कोणाला येत नसेल त्यांनी शेजारच्या कामगार बांधवाला हाक मारावी. एका सुट्टीच्या दुपारचे काम आहे, आणि मदतीला घरातल्या मुलांना जरूर घ्यावे.